टप्प्यात कोणी नाही

बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागातल्या आमच्या घरातला प्रिंटर अधूनमधून लॅपटॉपशी अबोला धरतो. मुलगी म्हणते, राउटर बंद करून चालू कर. नवरा म्हणतो, पासवर्ड बदलला असेल. मी मात्र आधी ओढणीच्या टोकानं प्रिंटरचं तोंड पुसते. त्यानं काही होत नाही हे मला त्या दोघांपेक्षा चांगलं कळतं, कारण उमेदीची सगळी वर्षं याच धंद्यात गेली आहेत माझी. तरी हात जातोच. मुलगी हसते आणि मला चामराजपेटची अक्का आठवते.

बिनतारी प्रिंटर मी पहिल्यांदा हाताळला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. पुण्याहून बंगळूरला येऊन मला फार दिवस झाले नव्हते. नोकरी एका चिमुकल्या कंपनीत होती. दोन खोल्या, मोजकी माणसं आणि कधीच न रागावणारे तमिळ साहेब. न रागावणाऱ्या माणसांचा मला तेव्हा फार राग यायचा. औषधकंपन्यांच्या फिरत्या विक्रेत्यांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम लिहिला होता. डॉक्टरसमोर बसून लॅपटॉपवर ऑर्डर भरायची आणि डब्याएवढ्या प्रिंटरवर पावती तिथंच छापून द्यायची. मध्ये वायर नाही. आज याचं कुणाला काय वाटणार, पण तेव्हा लोक प्रिंटर उचलून खाली कुठं वायर लपवली आहे का ते बघायचे.

युक्ती टीव्हीच्या रिमोटचीच होती. लॅपटॉपच्या पाठीला नखाएवढी काळपट काच होती आणि प्रिंटरच्या तोंडावर तशीच दुसरी. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश एका काचेतून निघून दुसरीत शिरायचा. दोघांना हातभर अंतरावर समोरासमोर बसवायचं, मध्ये काही येऊ द्यायचं नाही, ऊन पडू द्यायचं नाही. एकमेकांना दिसले की पडद्याच्या कोपऱ्यात एक लाल खूण लुकलुकायची. नाही दिसले तर इंग्रजीत एक वाक्य यायचं. त्याचा मी मनातल्या मनात केलेला मराठी अवतार असा होता: टप्प्यात कोणी नाही.

नव्या शहरात एकटीनं राहणाऱ्या मुलीला हे वाक्य दिवसातून दहादा वाचायला लागावं, हा जरा जादाच विनोद होता.

पण मी अगदी एकटी नव्हते. चामराजपेटेत एका घराच्या माडीवर मी भाड्यानं राहत होते. घरमालक अण्णा आणि त्यांची बायको अक्का, दोघं मराठीच, पण कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. अण्णांचं मार्केटजवळ कुलपांचं दुकान होतं. अक्का घर बघायची, आणि उरलेल्या वेळात सगळी गल्ली बघायची. त्यांचे दोन्ही मुलगे आईला कानडीतच उत्तर द्यायचे. त्यामुळे मी आल्यावर अक्काला मराठी बोलायला हक्काचं माणूस मिळालं. पहिल्या दिवशी मी तिला ‘अहो अक्का’ म्हटलं, तर म्हणाली, “अहो कशाला? अक्काला अगं म्हणायचं. अहो म्हटल्यावर मी कोण पाव्हणी झाले की.” तेव्हापासून अगं.

आम्ही एकमेकींच्या मराठीला मनसोक्त नावं ठेवायचो. थोडं म्हणायचं असलं की ती ‘स्वल्प’ म्हणायची. भात स्वल्प घे, स्वल्प थांब, पोट स्वल्प दुखालंय. मी म्हणायचे, आमच्या पुण्यात स्वल्प फक्त विरामापुरता असतो. ती म्हणायची, तुमच्या पुण्यात सगळंच बेतानं असतं. घरी तुपाच्या दिव्यावर ती स्वतः काजळ धरायची आणि गल्लीतल्या एकूण एक बाळाच्या गालावर तिच्याच डबीतली तीट असायची. मला तीट-मीठ-मोहऱ्या असल्या प्रकरणांची चीड होती. लहानपणी आईनं लावलेली तीट मी शाळेच्या नळावर घासून काढायचे, हेही तिला सांगून झालं होतं. सांगितल्याशिवाय माझं पोट दुखायचं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि चहा मागवावा तितक्या शांतपणे सांगितलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सिंगापूरचे पाहुणे येणार आहेत. त्यांनी काम दिलं तर कंपनी आहे. नाही दिलं तर दिवाळीपर्यंत ज्यानं त्यानं दुसरीकडे बघावं. पाहुण्यांसमोर प्रयोग करून दाखवायचं काम माझ्याकडे होतं, कारण प्रोग्रॅमचा तो भाग मी लिहिला होता. सुट्टीत सराव कर, म्हणून लॅपटॉप आणि प्रिंटर त्यांनी माझ्याबरोबर घरी दिले. रिक्षात ती पिशवी मी मांडीवर घेऊन बसले, पायाशी ठेवायची छाती झाली नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा समाधानच जास्त होतं. “कंपनी बुडाली तर सामान बांध आणि ये. नोकऱ्या इथंही आहेत.” नोकऱ्या होत्या, हे खरंच. पण तिथं आमच्या एका खोलीत तिघी बहिणी होत्या आणि माझ्यासाठी स्थळं ताटकळत बसली होती. इथं माडीची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. ती किल्ली मला सोडायची नव्हती. शेंगा सोलता सोलता मी हे सगळं अक्काला सांगितलं. कंपनी गेली तर मलाही जावं लागेल, असं म्हटलं. तिनं मान वर केली नाही. नुसतं “सरी” म्हणाली, म्हणजे कानडीत ‘बरं’, आणि सोललेल्या शेंगाच पुन्हा सोलायला लागली.

घरी आणली त्या संध्याकाळी दोन्ही यंत्रं शहाण्यासारखी वागली. लाल खूण लुकलुकली, पावत्या सरसर बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. आमच्याकडेही दसऱ्याला सायकलला झेंडू अडकवतात, पण बंगळूरचा थाट वेगळाच. गल्लीत प्रत्येक स्कूटरला केळीचे खुंट, चौकात फोडलेल्या कोहळ्यांचा कुंकवानं लाल झालेला चिखल. अक्कानं देवघरासमोर अण्णांची कानस, हातोडी, स्वतःची शिलाई मशीन आणि मिक्सर मांडला आणि मला हाक मारली, “तुझं आयुध घेऊन ये गं.”

मी नाही म्हणून पाहिलं. सराव राहिला होता. पण पूजेच्या दिवशी आयुधाला हात लावायचा नसतो, दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाल्यावरच उचलायचं, असा तिचा कायदा होता आणि त्या घरात अपील चालत नसे. शेवटी दोघांना मी निमूटपणे नेऊन मांडलं. लॅपटॉपवर हळदकुंकू, प्रिंटरच्या डोक्यावर शेवंती. मी फक्त कळांमध्ये अक्षता पडू नयेत एवढं बघितलं.

दसऱ्याच्या दिवशी जेवणानंतर माडीवर येऊन मी दोघांना समोरासमोर बसवलं. टप्प्यात कोणी नाही.

मी खिडकीचा पडदा ओढला. ट्यूबलाइट बंद केला. हळदकुंकू पुसलं, शेवंतीच्या पाकळ्या निपटून काढल्या. दोघांना जवळ आणलं, लांब नेलं, तिरकं केलं, सरळ केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, मग प्रिंटर, मग दोन्ही. अंगात होत्या नव्हत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या. टप्प्यात कोणी नाही. सुट्टीच्या दिवशी दुरुस्तीवाला मिळणार नव्हता आणि साहेब गावाला गेले होते, ते सकाळी परस्पर ऑफिसात उगवणार होते. दुपार कलली तशी मी रडायलाच लागले. डोळ्यांसमोर पुण्याच्या घरातला तो कोपरा आला, जिथं माझी गादी दिवसा गुंडाळून ठेवत.

आदळआपट खाली ऐकू गेली असणार. अक्का वर आली. मूठ मिटलेली होती. मुठीत मीठ आणि मिरच्या.

“मिशीन बोलेना?”

“नाही. आणि ते मीठ खाली घेऊन जा. मला आत्ता सहन होणार नाही.”

“स्वल्प गप बस. दृष्ट लागलीय. तीट लावूनपण लागली म्हणजे काय ते डोळे असतील लोकांचे.”

मी डोळे पुसायची थांबले. “कुठं लावली तीट?”

“मिशीनला.”

“कुठं, अक्का?”

“वाईट दिसू नये म्हणून बाई अशा जागी लावली, कुणाला कळायचं नाही.” तिनं वाकून प्रिंटरच्या तोंडावरच्या त्या काळ्या काचेवर बोट ठेवलं. “ही टिकलीसारखी आहे की, इथं. काळ्यावर काळं.”

मी प्रिंटर उचलून खिडकीशी नेला. तिरका धरल्यावर कुठं दिसलं. काचेवर अक्काच्या बोटानं काठोकाठ फासलेला, तुपाच्या दिव्यावरच्या अस्सल काजळाचा थर. प्रकाश आत जायला सुईच्या नाकाएवढीही जागा नव्हती. दृष्ट लागू नये म्हणून तिनं त्या बिचाऱ्याची दृष्टीच बंद केली होती.

माझ्या तोंडात जे आलं होतं ते फार वाईट होतं. ते बाहेर पडायच्या आत ती म्हणाली, “मिशीनचं मला काय करायचंय गं. मिशीन गेलं तर तू जाणार म्हणालीस, म्हणून लावली.”

मी प्रिंटर खाली ठेवला.

“तुलाच लावायची होती,” ती म्हणाली. “पण तू पुसून टाकली असतीस.”

ते अगदी खरं होतं. गिळलेल्या रागाचं काय करायचं मला कळेना, म्हणून मी हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा रडले. ती घाबरून पदरानं काच पुसायला लागली. काजळ एरंडेलात खललेलं होतं, ते सगळीकडे फासलं गेलं. “बेडा, बेडा,” नको नको, असं तिच्या गल्लीतल्या कानडीत मी तिला थांबवलं. मग दोघींनी बसून ती काच पुसली. आधी सुती चिंधीनं, मग माझ्या ओढणीच्या कोरड्या टोकानं, पुन्हा पुन्हा, चिंधीवर काळं येईनासं होईपर्यंत. इतक्या जपून मी कधी स्वतःचा चष्माही पुसला नव्हता.

यंत्रं समोरासमोर ठेवली. कोपऱ्यात लाल खूण लुकलुकली. मी कळ दाबली आणि प्रिंटरनं कुरकुरत पावती बाहेर टाकली. अक्कानं दोघांच्या मधून हात फिरवून बघितला. तिला काही लागलं नाही. “मध्ये काहीच नाही की,” ती म्हणाली. प्रकाश असतो पण दिसत नाही, असं मी सांगितलं. त्यात तिला काही नवल वाटलं नाही. आणलेलं मीठ मात्र तिनं वाया जाऊ दिलं नाही. माझ्यावरून ओवाळून खाली नेलं, आणि मी मुकाट्यानं उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन निघताना मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि मान तिरकी करून कानामागचे केस बाजूला घेतले. अक्काला क्षणभर काय ते कळेना. मग तिनं डबी आणली. तिचं बोट कानामागे टेकलं तेव्हा मला माझी आई आठवली, शाळेचा नळही आठवला. त्या शहरात मला ओळखणारं फारसं कुणी नव्हतं, आणि तरी कुणाला तरी मी जाऊ नये असं वाटत होतं. 

प्रयोग चांगला झाला. पावती बाहेर आल्यावर पाहुण्यांपैकी एकानं प्रिंटर उचलून वायर शोधली, ती सापडली नाही. दुसरे माझ्या बाजूला उभे राहून पावती वाचत होते. त्यांनी अदबीनं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाले, की तुमच्या कानामागे शाई लागली आहे.

“असू द्या,” मी म्हणाले.

जेवायच्या आधी साहेबांनी आत बोलावून काम मिळाल्याचं सांगितलं, तेही चहा मागवावा तितक्याच शांतपणे. पहिल्यांदाच मला त्यांचा राग आला नाही.

घरी आले तेव्हा अक्का पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. यंत्र चाललं का, पाहुणे काय म्हणाले, असलं काही तिनं विचारलं नाही. सुपातून डोळे न काढता म्हणाली, “राहतीस न्हवं?”

“राहते.”

“स्वल्प दिवस?”

“स्वल्प नाही गं, भरपूर.”

“सरी,” ती म्हणाली, आणि सूप उचलून कुकर लावायला आत गेली.