तात्यांच्या दुकानातला उडणारा म्हातारा

तात्या गेले. आणि मी घाबरलोय.

रडू येत नाहीये. नुसती भीती.

पाटोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाला किराणा दुकान होतं, ते तात्यांचं. ते माझ्या रक्ताचे कोणी नाहीत.

लहानपणी आई-बाप ऊसतोडीला गेले की मी चुलतीकडं राहायचो. शाळा सुटली की थेट तात्यांच्या दुकानात. काउंटरवर छोटा टीव्ही, त्यावर पोरांची एक कॉमेडी सिरीयल लागायची.

सुपरहिरो कोण? एक म्हातारा! पाठीला लाल टॉवेल, खाली लुंगी. आरामखुर्चीत बसून उडायचा, गुंडांना काठीनं बडवायचा.

आणि ऐन फाईटमध्ये त्याला डुलकी लागायची.

खुर्ची गरगरत खाली. आम्ही पोरं पोत्यांवर उभी राहून बोंबलायचो, "आजोबा, उठा!"

तो उठायचाच. दर वेळी.

सगळ्यात मोठ्यानं ओरडायची तात्यांची नात.

माझं सगळं तिथूनच सुरू झालं. तिचं नाव इथं लिहिणार नाही. कमेंटमध्ये कोणी लिहिलं तर गाठ माझ्याशी हाय.

आमची जात वेगळी. तिच्या घरात आमच्या बाजूनं होते ते फक्त तात्या. परवा-परवाच त्यांनी मला दुकानात बसवून घेतलं.

"कॉलेज कामून सोडलं रं?"

"सरासंगं वाजलं, तात्या."

"कुणासंगं वाजत न्हाई तुजं? आता काय करायलास?"

"गॅरेजवर शिकायलो."

"शीक. पर तिच्या बापाम्होरं तोंड उघडू नको. तुजं तोंड म्हंजी लायटीची उघडी डीपी, जवळ गेलं की झटका. दिवाळी होऊ दे, मी बोलतो."

दिवाळी अजून लांब आहे. तात्या थांबले नाहीत.

त्यांच्यात मयताला बसवून नेतात, माती पण बसवूनच देतात. आज दारात खुर्चीत तात्या होते. कपाळाला भस्म, गळ्यात हार. डोळे मिटलेले, मान जराशी कललेली.

अगदी डुलकी लागल्यासारखे.

पोत्यांवरची ती हाक माझ्या ओठांपर्यंत आली होती. ओठ दाबून धरले.

समोर ती उभी होती. तिचे ओठ हलत होते.

माती देऊन परत दारात आलो तर तिचा भाऊ जवळ आला. "आज तात्यामुळं वाचलास. उद्यापासून या दारात दिसू नको."

मी उलटून बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

कारण माझे कान ओट्याकडं होते. तिथं तिची आत्या तिच्या बापाला सांगत होती, "दादा, घरात मयत झालंय, वरसाच्या आत पोरीचं उरकून घ्या. न्हाईतर तीन वरसं लगीन करता येत न्हाई."

तिचा बाप म्हणाला, "बघायलोच हाय."

भावाच्या माराची भीती नाही मला. मार लई खाल्लाय. भीती या दोन शब्दांची आहे.

तात्या असते तर आत्याला हसून गप केलं असतं. पण तात्या नाहीत म्हणूनच तर वर्ष मोजायला लागलेत.

दुखवटा संपायची वाट बघितली तर तोवर स्थळ येऊन जाईल. म्हणून उद्या सकाळी मीच तिच्या बापासमोर जाऊन बसणार आहे. आवाज चढवणार नाही. आवाज निघाला तरी लई झालं.



तात्या, रामराम घ्या. सुखानं जा.