मागच्या काचेवरचा गोंद

गाडीच्या काचेला काळी फिल्म लावण्यात स्टेशन रोडवर माझ्या तोडीचा कुणी नव्हता, हे मी आजही म्हणतो. वाळूजच्या कंपन्या वाढल्या, शहर चारी अंगांनी पसरलं, आणि नवी गाडी घेतली की माणूस देवळातून थेट माझ्या दुकानात यायचा. शिक्षण चौथीपर्यंत, पण माझ्या काचेत बुडबुडा कुणी दाखवला नाही.

मग काळ्या काचांवर बंदी आली. चौकाचौकात पोलीस गाड्या अडवायला लागले आणि लावायला आलेली माणसं आता काढायला यायला लागली. त्यातच दुष्काळ. धरणानं तळ गाठला, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाय, टँकर आला की धंदा सोडून पळावं लागायचं.

रस्त्यापलीकडं एकाचं दुकान होतं. पिशोरचा माणूस, दोन वर्षं माझ्याच हाताखाली शिकलेला. दुकान वेगळं टाकल्यावरही मला 'उस्ताद'च म्हणायचा. त्यात कुठं टोमणा सापडायचा नाही, म्हणून जास्तच झोंबायचं.

फिल्म काढायला काय लागतं? कोपरा धरायचा आणि ओढायची. मी एका झटक्यात ओढायचो, बघणारे वा वा करायचे. पण गोंद काचेवरच राहायचा. बाजूच्या काचांवर साबणाचं पाणी मारून तो ब्लेडनं खरवडता येतो. मागच्या काचेवर आतून बारीक रेघा असतात, वाफ धरू नये म्हणून काच तापवायच्या. तिथं ब्लेड लावलं की रेघ तुटलीच.

एका डॉक्टरीणबाईंची गाडी मी अशीच ओढली. मागचा गोंद निघेना. पेट्रोलचं फडकं मारलं तर तो पसरून दुधासारखा झाला, वरून धूळ बसली. बाई बघायला आल्या.

"काका, काळं काढायला सांगितलं होतं, तुम्ही पांढरं करून दिलंत!"

"दोन दिवसांनी या. पाण्याचा टँकर येऊ द्या."

"मला मागचं काही दिसत नाही हो. दवाखान्याच्या गल्लीतून गाडी मागं कशी घेऊ?"

त्या हसत गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी समोरच्या दुकानापुढं उभी. गाडी नवी असताना फिल्म मी लावली होती, त्या बाईंनी चार लोक माझ्याकडं पाठवले होते. ती गाडी तिथं बघून मी पुढ्यातलं ताट सरकवलं. बायकोला म्हटलं, "त्यानं चोरून बोअर घेतला असणार. एवढं पाणी आणतो कुठून?"

"मग जाऊन बघा की," ती म्हणाली. "इथं बसून मला काय विचारता?"

दुपारी समोरचं शटर अर्धं खाली आलं. तो जेवायला गेला असं समजून मी रस्ता ओलांडला. आधी त्याचा ड्रम बघितला. कोरडा ठणठणीत. शेजारी एक तांब्या, त्यात घोटभर साबणाचं पाणी. गाडी मात्र भर उन्हात, पाठ सूर्याकडं करून उभी, आणि मागच्या काचेला आतून काळं प्लास्टिक चिकटवलेलं. मागचं दार उघडून मी आत वाकलो, प्लास्टिकचा कोपरा उचलला. खाली ओलं वर्तमानपत्र होतं. तेही उचललं. माझा गोंद साईसारखा मऊ होऊन कागदाबरोबर येत होता. रेघा जागच्या जागी.

"उस्ताद, अजून अर्धा तास राहू द्या. उचललं की सुकतं."

तो माझ्या मागंच उभा होता. रागावला नाय. माझ्या बोटांतून कोपरा घेतला आणि तळहातानं परत दाबून बसवला. मला काही तरी बोलायचं होतं, तेवढ्यात रिक्षातून बाई उतरल्या.

"अरे वा काका, शेवटी तुम्हीच करताय का?"

मी गाडीत अर्धा आत, अर्धा बाहेर. नाय म्हणायला काय लागत होतं? मी प्लास्टिकवरची सुरकुती बोटानं सपाट करत राहिलो.

"व्हय, उस्तादांचंच काम हाय," तो म्हणाला. "माझ्याकडं ऊन जास्त येतं, म्हणून गाडी इथंच ठेवून त्यांना बोलावलं."

ऊन! त्या साली ऊन माझ्या दारात काय कमी होतं?

अर्ध्या तासानं बाईंनी काच बघितली, खूश झाल्या, आणि मी दुकान कायमचं बंद करेपर्यंत माझ्याकडंच येत राहिल्या. ओल्या कागदाची युक्तीही पुढं माझीच म्हणून चालली, मीच चालवली. पण त्यांची गाडी दारात थांबली की माझी नजर आधी रस्त्यापलीकडं जायची. तो खाली मान घालून स्वतःच्या कामात असायचा. एकदा तरी त्यानं वर बघावं, छद्मी हसावं, म्हणजे मला त्याच्याशी भांडता येईल, असं लई वाटायचं. त्यानं कधी बघितलं नाही.