अण्णांचं गाळलेलं वर्ष

आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा जन्माला आले नसते, तरी बंगळूरच्या त्या दरवर्षीच्या टेनिस स्पर्धेचं काही अडलं नसतं. ती भरलीच असती, परदेशी खेळाडू आलेच असते आणि शेवटच्या दिवशी कुणीतरी करंडक उचलून दात दाखवलेच असते. पण ती भरली होती हे आज कुणालाही शपथेवर सांगता आलं नसतं. आयोजक बदलले, पैसे देणाऱ्या कंपन्या बदलल्या, जुन्या फायलींवर वाळवीनं ताव मारला, आणि स्पर्धेचा अख्खा इतिहास उरला तो मल्लेश्वरमच्या एका घरात तळमजल्यावर, बारा महिने हाफ स्वेटर घालून, स्टीलच्या वाटीतल्या कॉफीवर फुंकर घालत बसलेला.

मी पुण्याहून नोकरीसाठी इथे आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहू लागले. घर बघायला आले त्या दिवशी अण्णांनी मला पगार विचारला नाही, शाकाहारी की मांसाहारी तेही विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "टेनिस बघता काय, ताई?" मी म्हटलं, "अधूनमधून, टीव्हीवर." तेव्हा आतून त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, म्हणाल्या, "बघत नाही म्हणून सांगायचं होतं की वो! आता तुम्ही सुटत नाही." अण्णा मूळचे बेळगावचे. तरुणपणी यशवंतपूरकडच्या एका कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांचं मराठी कन्नडच्या मांडीला मांडी लावून बसलेलं. 'मी केलं' न म्हणता 'मी केलो' म्हणतात. अक्का तर 'मी येतो, मी जातो' असंच बोलतात. पहिले पंधरा दिवस माझ्यातली पुणेकरीण ते मनातल्या मनात दुरुस्त करत होती. सोळाव्या दिवशी मीच भाजीवाल्याला "स्वल्प कमी करा की" म्हणाले आणि तो विषय मिटला.

अण्णांच्या घरात कॅलेंडर आहे, पण त्याचा उपयोग फक्त दुधाच्या खुणा करायला. काळ मोजायचा तो स्पर्धेनं. थोरलीचं बारसं कधी झालं? दुहेरीची अंतिम फेरी पावसानं दोनदा थांबली, त्या आठवड्यात. घराला रंग कधी दिला? लाल मातीचं कोर्ट उखडून सिमेंटचं केलं, त्याच्या पुढच्या साली. एकदा बँकेत नव्या अधिकाऱ्यानं त्यांना लग्नाची तारीख विचारली, तर म्हणाले, "पहिला मानांकित पहिल्याच फेरीत पडला बघा, त्याच्या आदल्या गुरुवारी." अधिकाऱ्यानं आशेनं अक्कांकडे पाहिलं. अक्का म्हणाल्या, "शुक्रवारी. गुरुवारी हळद होती."

स्पर्धेचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही, कारण तिला एक नावच नव्हतं. एका वर्षी ती टायरच्या नावानं भरली, मग सिमेंटच्या, मग एका बँकेच्या, आणि मधली काही वर्षं कुणीच पैसे न दिल्यामुळे भरलीच नाही. "दर वर्षी नवी आत्या येते आणि नवं नाव ठेवून जाते," अण्णा म्हणायचे, "पोर तेच की वो." कधी ती मोठी झाली, जगातले नावाजलेले लोक कब्बन पार्कच्या झाडांखाली घाम पुसत बसले. कधी ती इतकी लहान झाली की प्रेक्षकांपेक्षा चेंडू जास्त होते. अण्णा दोन्ही वर्षी सारख्याच इस्त्रीच्या पँटीत, गुणफलकाचे आकडे बदलायला हजर. कारखान्यातली हक्काची रजा त्यांनी ना गणपतीला काढली, ना मुलींच्या परीक्षेला.

टेनिसमुळे घरच्यांचे जे हाल झाले ते वेगळेच. घर बांधताना त्यांनी स्वयंपाकाचा ओटा बरोबर तीन फुटांचा करून घेतला, कारण टेनिसची जाळी मध्यावर तीन फूट असते आणि मोजून-मापून केलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास. अक्का बुटक्या. तेव्हापासून त्या टाचा उंचावून पोळ्या लाटतात. "खांबापाशी साडेतीन फूट असतंय जाळी," त्या मला म्हणाल्या, "ते धरले नाहीत हे, एवढंच माझं नशीब." गुण चालू असताना कुणी जागेवरून हलायचं नाही, हा नियमही अण्णांनी सगळ्या आयुष्याला लावलेला. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मंडळी हळूच जेवणाच्या हॉलकडे सरकू लागली, तेव्हा अण्णा दारात हात आडवा करून उभे राहिले. "कडवं संपू दे, मग सोडतो." नवरीचा मामाही त्या गर्दीत अडकला होता. त्यालाही सोडलं नाही.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. हा टेनिसवेडा माणूस 'औट' हा शब्द उच्चारत नसे. गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना त्यांना पंच करत. अण्णा बोट वर करत आणि हळू आवाजात म्हणत, "चला राजा, बाहेर." अक्कांचा डोसा तव्याच्या कडेबाहेर गेला की हात आडवा करून दाखवत, तोंड मात्र बंद. मला वाटलं, असेल एखादी लकब. एवढ्या लकबींत आणखी एक.

यंदा स्पर्धेच्या नव्या आयोजकांना स्मरणिका काढायची हुक्की आली आणि इतिहास लिहायला कुणीतरी त्यांना अण्णांचं नाव सुचवलं. अण्णांनी महिनाभर बसून दोन वह्या भरल्या. लिहिलं मराठीत, मधूनमधून कन्नड, आणि इंग्रजी करून टाइप करायचं काम आलं माझ्याकडे. काय नव्हतं त्या वह्यांत! कुठल्या साली कुणाच्या बुटाची लेस तुटली आणि कुणी आपली काढून दिली. कुठल्या साली अंतिम सामना चालू असताना घारीनं चेंडू उचलून नेला. मी टाइप करता करता मोठमोठ्यानं हसत होते. पण ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. ती सवय घरीही सुटत नाही. मी साल मोजत गेले आणि एक साल कमी भरलं. त्या साली स्पर्धा भरली नव्हती म्हणावं, तर पुढच्या सालच्या पानावर 'गेल्या सालापेक्षा या खेपेला गर्दी बेताची' असं लिहिलेलं. म्हणजे गेली खेप होती, गर्दीही होती, पान मात्र नव्हतं.

मी वही घेऊन खाली गेले. "अण्णा, एक वर्ष मिसिंग आहे."

अण्णांनी कॉफीची वाटी खाली ठेवली. अक्का आत निघून गेल्या, त्यावरून मी समजले की त्यांना ठाऊक आहे.

"त्या साली मी रेषेवर होतो, ताई," अण्णा म्हणाले. मला इतके दिवस वाटत होतं की ते पहिल्यापासून गुणफलकाचे आकडे बदलायला बसत. तर नाही. सुरुवातीची काही वर्षं ते रेषापंच होते. चेंडू रेषेबाहेर पडला की जोरात 'औट' ओरडायचं, आत पडला की गप्प राहून हात खाली दाखवायचा, एवढंच काम. "माझा आवाज असा होता, बाहेर रस्त्यावरचे रिक्षावाले ऐकत होते."

त्या साली उपांत्य सामन्यात हुबळीचा एक पोरगा परदेशी खेळाडूविरुद्ध खेळत होता. इथला कुणी अंतिम फेरीत जायची ती पहिलीच वेळ आली असती. शेवटच्या सेटचा टायब्रेक, पोराला जिंकायला एक गुण हवा, आणि त्यानं असा काही बॅकहँड मारला की समोरचा जागचा हललाही नाही. चेंडू अण्णांच्या रेषेवर पडला, अगदी रेषेवर, त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि अण्णांच्या तोंडून, त्याच खणखणीत आवाजात, शब्द सुटला: "आट!"

कन्नडमध्ये आट म्हणजे खेळ. वाहवा करताना म्हणतात, 'एन आट!', काय खेळ! त्यातलं 'एन' गर्दीच्या गोंगाटात गेलं की अण्णांच्या घशातच राहिलं, देव जाणे. खुर्चीवरचा पंच परदेशी. त्यानं ऐकलं 'आउट', आणि गुण दुसऱ्याला दिला.

"चुकलं म्हणून हात वर करायचा होता," अण्णा म्हणाले. "तसा नियम आहे. दोन सेकंदांचं काम. मी केलो नाही."

"का पण?"

"काय सांगणार? रेषेवरच्या माणसानं रेष बघायची, खेळ नाही. मी खेळ बघितलो. ते चार लोकांत कबूल करायला जीभ उचलली नाही. तोवर पुढची सर्व्हिस झाली. पोरगा हरला." त्यांनी वाटी उचलून गार झालेल्या कॉफीवर फुंकर घातली. "पुढच्या साली मी आकडे बदलायला द्या म्हणून मागून घेतलो. तिथं बोलावं लागत नाही."

तो पोरगा आता पोरगा राहिला नव्हता. तो याच शहरात मुलांना टेनिस शिकवत होता आणि अंतिम सामन्याच्या दिवशी, स्मरणिकेच्या प्रकाशनाला, त्याचा सत्कार होता. अण्णा इतकी वर्षं त्याला टाळत आले होते. तो स्टेडियमच्या एका जिन्यानं वर आला की हे दुसऱ्या जिन्यानं खाली. ते पान लिहिलं तर सगळ्या गावाला कळणार होतं की त्याचा सामना कुणी घालवला, आणि नाही लिहिलं तर इतिहास खोटा ठरणार होता. मी आपला पुणेरी शहाणपणा करत म्हणाले, "नका लिहू, अण्णा. कुणाला कळतंय?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दाराखालून एक कागद आत सरकला. एकाच बाजूला लिहिलेला, एकही खाडाखोड नाही. शेवटचं वाक्य होतं, 'चेंडू आत होता.'

अंतिम सामन्याला आम्ही दोघं मेट्रोनं गेलो. यंदा रेषेवर माणसं नव्हतीच. चोहीकडे कॅमेरे आणि भोंग्यातून येणारा एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज. चेंडू बाहेर गेला की ती 'आउट' म्हणायची, कितीही अटीतटीचा गुण असो, त्याच सुरात. अण्णांनी बराच वेळ ऐकून घेतलं. "चांगली आहे," म्हणाले, "पण ती खेळ बघत नाही."

सत्कार झाला, स्मरणिका वाटल्या गेल्या. अण्णा माझ्या बाजूला गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ करून, रेषापंचासारखे बसून राहिले. मी म्हटलं निघूया. म्हणाले, "नको. आज दुसऱ्या जिन्यानं जायचं नाही." थोड्या वेळानं पांढऱ्या केसांचा एक उंच गृहस्थ स्मरणिकेत बोट घालून पायऱ्या चढत आमच्याकडे आला. अण्णा उभे राहिले. पुढचं सगळं कन्नडमध्ये झालं. माझं कन्नड भाजीच्या पुढे जात नाही, त्यामुळे मला फक्त दिसलं: तो माणूस आधी गंभीर होता, मग हसला, मग त्यानं अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना मेट्रोत मी तीन स्टेशनं धीर धरला. मग विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाला, मला तेव्हाच कळलं होतं." अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "हुबळीचा माणूस मी, म्हणाला, मला आट आणि औट कळणार नाही काय?"

"मग ते बोलले का नाहीत?"

"तेच विचारलो मी. म्हणाला, खुर्चीपर्यंत गेलो होतो सांगायला. मग वळून तुमचं तोंड बघितलो. सांगितलो असतो तर तुम्हाला तिथंच उठवले असते." अण्णांनी स्वेटर उगाच खाली ओढला. "आणि म्हणाला, सामने पुष्कळ हरलो. पण रेषेवरच्या माणसाच्या तोंडून आट निघावं असा फटका एकदाच बसला. ते कुणाला सांगायचं, सर, म्हणाला. ऐकलेले आपण दोघंच."

मला रडू आलं, हे कबूल करायला हरकत नाही. अण्णा नाही रडले. ते स्टेशन येईपर्यंत जागेवरून हलले नाहीत आणि गाडी पूर्ण थांबल्यावरच उठले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मला खाली डोशाचं बोलावणं होतं. अक्का टाचा उंचावून ओट्याशी उभ्या होत्या, अण्णा दारात. पिठाची एक धार तव्याच्या कडेवरून खाली गेली.

"औट!"

गल्लीतलं क्रिकेट थांबलं. समोरच्या गॅलरीत कुणीतरी डोकावलं. माझ्या हातातली चटणीची वाटी लवंडली. इतका मोठा, इतका तरुण आवाज त्या हाफ स्वेटरमध्ये इतकी वर्षं कुठे ठेवला होता, मला सांगता येणार नाही. अण्णा स्वतःच दचकून उभे होते.

अक्कांनी उलथनं खाली ठेवलं. त्या मागे वळल्या नाहीत. तव्याकडे बघतच म्हणाल्या, "लग्नात असाच होता की वो आवाज. मी म्हटलो, हरवला कुठंतरी."

मग त्यांनी दुसरा डोसा घातला, बरोबर तव्याच्या मधोमध, आणि आता 'आट' ऐकू येतं का, याची वाट बघत उभ्या राहिल्या.