दाजींची नजर आणि मामांचा खांदा

देवावर विश्वास ठेवतील, पण फोटोवर ठेवणार नाहीत, असे अख्ख्या नवी मुंबईत एकच गृहस्थ आहेत, आणि ते नेमके माझे साडू आहेत. मूळचे साताऱ्याचे. घरातले सगळे त्यांना दाजी म्हणतात. बेलापूरला एका विमा कंपनीत दाव्यांबरोबर येणारे फोटो अस्सल की बनावट हे ते तपासतात, आणि घरी आल्यावर तेच काम फुकट करतात. कामोठ्याच्या चौकात कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला, की दाजी भर उन्हात चष्मा सावरत त्याखाली उभे. "गर्दी बघा. त्यो पिवळ्या टोपीवाला हितंबी हाय, तितंबी हाय!" पुतणीला स्थळ आलं. मुलाचा फोटो सगळ्यांना पसंत पडला. दाजींनी तो मोबाइलवर ताणून ताणून बघितला. "मागची दाराची चौकट कमरेपाशी वाकलीय. सुतार चुकला नाय, पोराचं पोट आत ढकललंय." मुलगा बघायला आला तेव्हा दारातून आधी पोटच आलं.

मला या विद्येचं फार कुतूहल. चिकटवलेला तुकडा कळतो कसा, असं एकदा विचारलं. "फोटोत बारीक रवा असतोय. एका कॅमेऱ्याचा रवा सगळीकडं सारखा. मधीच जाडाभरडा दिसला, की समजायचं, दुसऱ्या घरचा हाय." तेव्हापासून मीही फोटो ताणून बघतो. मला नुसते चौकोन दिसतात.

आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. सासरे, म्हणजे आम्हा जावयांचे मामा आणि मुलींचे आप्पा, त्याआधीच गेले होते. वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिली. लेकीचं घर बघायचं तेवढं राहिलं. बायकोनं कुठल्याशा ॲपनं त्यांना वास्तुशांतीच्या फोटोत आमच्याशेजारी उभं केलं आणि फ्रेम हॉलमध्ये लावली. आप्पा येऊन गेले असं तिला वाटायला हवं होतं, बाकी काही नाही. पुढच्या रविवारी दाजी चहाला आले, फ्रेमसमोर थांबले आणि चष्मा सावरू लागले.

"खोटा हाय."

बायकोचे डोळे भरले. मला दाजींचा असा संताप आला, की हातातली बशी आपटावीशी वाटली.

"मामांचा खांदा सरळ कुठं होता गं? पोती वाहून उजवा खाली गेलेला. आन् सगळ्यांची सावली डावीकडं, मामांचीच उजवीकडं. दे फोटो इकडं."

संध्याकाळपर्यंत ते लॅपटॉपला चिकटून बसले. जन्मभर दुसऱ्यांची लबाडी पकडणारा माणूस स्वतः सांधा लपवत होता. चहा निवून गेला. सावली वळली, रवा जुळला, मग खांदा हळूहळू खाली आला. तो एका जागी येताच बायको एकदम म्हणाली, "बास दाजी. हे आप्पा."

तो फोटो आता हॉलमध्ये आहे. दाजी येतात, आमच्या कॅलेंडरवरचा सूर्यास्तसुद्धा तपासतात. पण त्या फ्रेमसमोर आले, की चष्मा काढून खिशात ठेवतात आणि मग बराच वेळ बघत राहतात. चष्म्याशिवाय त्यांना काही दिसत नाही, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.