उन्हाचं खरं माप

उत्कर्षा झाडे कोथरूडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. मूळची चंद्रपूरची. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ओळख करून देताना ती म्हणाली, "मी ऊन मोजते."

"मोजून ठेवता कुठे?" सेक्रेटरींनी विचारलं. सगळे हसले. तीही हसली, आणि मग शांतपणे सांगू लागली. सूर्याकडून निघालेली ऊर्जा वाटेत धूळ, धूर, ढग ओलांडून जमिनीवर किती पोचते, ते मोजणारी यंत्रं ती बनवत होती. हिंजवडीतल्या एका लहान कंपनीत. मालक जयसिंगराव भिंताडे तिथल्याच शेतकरी घरातले. जमिनीचे पैसे आले तेव्हा भाऊबंद बिल्डर झाले. यांनी यंत्रांचा कारखाना काढला. परदेशी यंत्राच्या तोडीचं यंत्र इथे करायचं, हा त्यांचा हट्ट, आणि ते जमवायची जबाबदारी उत्कर्षाची.

यंत्राची कल्पना तिने मला एकदा चहा पिताना समजावली होती. सूर्याकडे रोखलेली नळी, तिच्या तळाशी आतून काळी केलेली धातूची वाटी. ऊन पडलं की वाटी तापते. मग झडप लावून ऊन अडवायचं आणि तीच वाटी विजेने तेवढीच तापवायची. जेवढी वीज लागली, तेवढीच ऊर्जा उन्हातून आली होती.

काही वर्षांच्या खटपटीनंतर यंत्र उभं राहिलं. पण शेजारी ठेवलेल्या परदेशी यंत्रापेक्षा ते किंचित जास्त आकडा दाखवायचं. सौर प्रकल्प उभारणारं एक गिऱ्हाईक त्यावरच खूष झालं. आपल्या माळावर जास्त ऊन आहे, हे कुणाला नको असतं? मोठी ऑर्डर ठरत आली.

"ताई, गिऱ्हाईक खूष हाय," जयसिंगराव म्हणाले. "एवढ्याशा फरकानं काय व्हतंय?"

"साहेब, ऊन वाढलेलं नाही. आपलं यंत्र चुकतंय. या आकड्यावर ते प्रकल्प बांधतील आणि वीज कायम कमीच निघेल."

जयसिंगरावांनी दोन्ही यंत्रांचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग तिच्यासमोरच त्यांनी फोन लावला. "ऑर्डर थांबवा. आमचं माप जास्त दावतंय. दुरुस्त करतो, मग बोलू."

नंतरचे महिने वाईट गेले. तिने काळा रंग बदलला, तारा बदलल्या, झडप नवी केली, आकडा हटेना. ती जेवेनाशी झाली म्हणून आई, इंदुबाई, चंद्रपूरहून येऊन राहिली.

शेवटी उत्कर्षाने कंपनीतल्या देव्हाऱ्यातली उदबत्ती आणली. नळीची एक बाजू कापून तिथे काच बसवली, खोलीत अंधार केला, नळीत प्रखर दिवा सोडला आणि धूर आत जाऊ दिला. धुरात प्रकाशाची वाट उजळली. नळीचं तोंड रुंद होतं आणि मोजमापाचं बारीक भोक आत, वाटीपाशी. त्यामुळे भोकाभोवतीच्या कडांवर जादा प्रकाश पडत होता, इकडेतिकडे उडत होता आणि त्यातला थोडा वाटीत घुसत होता. न मोजायचा प्रकाशही मोजला जात होता! तिने बारीक भोक पुढे तोंडाशी आणलं, रुंद भोक मागे वाटीपाशी नेलं, म्हणजे जादा प्रकाश बाहेरच अडेल. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आकडा खाली आला आणि तिथेच ठरला.

पण ठरला म्हणजे खराच, हे कोण सांगणार? दर पाच वर्षांनी जगभरातली अशी यंत्रं स्वित्झर्लंडच्या डोंगरात शेजारी शेजारी लावून एकाच सूर्याकडे रोखतात. जयसिंगरावांनी तिला तिथे पाठवलं. बरेच दिवस ढगच होते. मग आकाश उघडलं, आणि तिचं यंत्र जुन्या नावाजलेल्या यंत्रांच्या रांगेत त्यांच्याच सुरात बोललं.

तिने आईला फोन केला. "आई, जुळलं!"

"काय जुळलं वं? लगन?"

"नाही गं, माप!"

पाचच मिनिटांत आमची बेल वाजली. दारात इंदुबाई, हातात साखरेची वाटी, डोळे भरलेले. "माह्या पोरीचं माप जगाच्या मापासंग जुळलं, बाप्पा!" अख्ख्या जिन्याला त्यांनी साखर वाटली.

ते गिऱ्हाईक परत आलं. कमी आकडा बघून त्याने प्रकल्पाचा आराखडा बदलला, पण यंत्रं इथूनच घेतली. आता इतर कंपन्यांची यंत्रंही तपासायला हिंजवडीच्या त्या गच्चीवर येतात. मागच्या महिन्यात इंदुबाईंबरोबर मीही गेलो होतो. जयसिंगराव पाहुण्यांना रांगेतलं पहिलं यंत्र दाखवत होते.

"हे आमच्या झाडेताईंनी केलंय," ते म्हणाले. "बाकीची समदी ह्याला इचारून बोलत्यात."

उत्कर्षा पलीकडे दुसऱ्या एका यंत्राची काच पुसत होती. तिने मान वर केली नाही, पण ती हसत होती. इंदुबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला आणि लेकीशेजारी भर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.