हल्या

ही गोष्ट मी घरातही कधी पूर्ण सांगितली नाही. त्या फोटोचा विषय निघाला की मी पाणी प्यायला उठत असे.

आमचं राज्य मध्य भारत म्हणवत होतं, तेव्हाचे दिवस. मामांनी मुंबईहून त्यांच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी नवी लेन्स आणली. तोंड एवढं मोठं की दिव्याच्या उजेडातही फोटो निघावा. रामबागेत माझ्या मित्राचा साखरपुडा होता. मी हट्टानं कॅमेरा मागून घेतला. मामांनी एकच गोष्ट बजावली: कॅमेऱ्याच्या खिडकीत दोन चित्रं दिसतील, ती एकावर एक बसव, पण माणसाच्या डोळ्यावर जुळव. लेन्स पूर्ण उघडी असली की वीतभर पुढचं-मागचं सगळं धूसर होतं.

मित्राची आई उज्जैनला अंथरुणाला खिळलेली. तिला दाखवायला हाच फोटो जाणार होता, आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता. वधू पेढ्यांचं ताट घेऊन पुढे बसली, तो तिच्या जरा मागे. मी दरडावलं, "हलू नकोस." तो असा बसला की नाकावर माशी आली तरी पापणी लवली नाही. अंधुक उजेडात मला त्याचा डोळा काही सापडेना. पेढ्यांवरचा चांदीचा वर्ख मात्र लखलखत होता. दोन वर्खांचा एक वर्ख झाला आणि मी बटण दाबलं.

फोटो धुऊन आला. वर्खाची सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, वधू बरी, आणि नवरदेवाचं तोंड पाण्यात पडलेल्या बत्ताशासारखं. मामांनी फोटो हातात घेतला तशी मला लेन्स त्यांच्याकडे परत जाताना दिसू लागली. मी म्हणालो, "हा हलला."

मित्रानं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भिया, माशी बसली होती रे." सगळे खो खो हसले. कुणीतरी त्याला 'हल्या' म्हटलं, आणि आमच्याकडे हल्या म्हणजे रेडा, त्यामुळे नाव चिकटलंच. उज्जैनहून आईचा निरोप आला: मेला पाळण्यातही स्वस्थ नव्हता, सून तेवढी छान दिसते. पुढे त्याची नातवंडंही त्याला हल्या आजोबा म्हणत, आणि तो रेड्यासारखा हंबरून दाखवी. लेन्स वर्षभर माझ्याकडेच राहिली.

म्हातारपणी त्याचे हात कापू लागले. शेवटचा भेटलो तेव्हा बशीत निम्मा चहा सांडून तो मिस्कीलपणे म्हणाला, "बघ, तुझा फोटो आत्ता खरा झाला."

मी हसलो. बशी पुसली. घरून पाठ करून नेलेलं वाक्य तसंच घेऊन परत आलो: तू हलला नव्हतास रे, मीच पेढ्यांवर जुळवलं होतं, मला माफ कर.