देणं फिटलेलं मैदान

दुबईत वाढलेल्या आम्हा मुलांना कर्ज म्हणजे काय ते फार लवकर कळायचं. चेक वटला नाही की पोलीस येतात, आणि पोलीस यायच्या आत माणूस विमानतळ गाठतो, एवढं आम्हाला शाळेत असतानाच माहीत होतं. नव्वदच्या दशकात बाबा ज्या ट्रेडिंग कंपनीत होते, तिचा मालक असाच एका वीकेंडला निघून गेला. शनिवारी सकाळी बाबा पोचले तर शटर खाली, आणि बाहेर माल पुरवणाऱ्यांची गर्दी. बाबांचा कित्येक महिन्यांचा पगार बुडाला. त्यानंतर त्यांनी कधी क्रेडिट कार्डसुद्धा घेतलं नाही. मला अकाउंट्स शिकायला लावलं तेही त्यांनीच.

शिकून झाल्यावर मला दुबईतल्याच अल क्वोज या कारखान्यांच्या भागात नोकरी लागली. एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवणारा कारखाना होता. मॅनेजर स्कॉटलंडचे. पन्नाशीचे, उंच, उन्हाने कायम लालबुंद. सगळे त्यांना सर म्हणायचे. दर शनिवारी संध्याकाळी ते केबिनमधून भावाला फोन लावायचे. त्यांच्या गावातल्या फुटबॉल क्लबचा स्कोअर विचारायला. क्लब अगदी खालच्या डिव्हिजनमधला. बहुतेक वेळा हरलेलाच असायचा, पण सर फोन ठेवताना म्हणायचे, "पुढच्या शनिवारी बघू."

एका शनिवारी ते बाहेर येऊन माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले.

"तू अकाउंटंट आहेस ना? एक सांग." मग त्यांनी सगळं सांगितलं. वरच्या डिव्हिजनमध्ये जायच्या आशेने क्लबने महागडे खेळाडू घेतले होते. टीव्हीचा पैसा येणार म्हणून उधारी वाढवली. तो पैसा आलाच नाही. आता कोर्टाने नेमलेला माणूस कारभार बघत होता, अर्ध्या खेळाडूंना घरी पाठवलं होतं आणि मैदान विकायची भाषा चालू होती.

मी दोन-चार प्रश्न विचारले. उत्पन्न किती, देणी कोणाची, तारण काय. उत्तरं ऐकून मी जे शिकले होते तेच सांगितलं. "सर, बंद करायला पाहिजे."

"खलास?"

"खलास."

ते रागावले नाहीत. "कंपनी असती तर मीही तेच म्हणालो असतो," एवढंच म्हणाले आणि उठले.

पुढच्याच आठवड्यात ते क्लबसाठी निधी जमवायच्या कामाला लागले. दुबईपासून तासाभरावर, उम्म अल कुवैनमध्ये आमच्या एका क्लायंटची फॅक्टरी होती. तिच्यामागच्या वाळूच्या मोकळ्या जागेत शुक्रवारी सामने ठेवले. खेळायला प्रत्येक टीमने फी भरायची, वर जेवणाचे पैसे. स्कॉटिश लोकांची एक टीम, आमच्या कारखान्याची एक, आणि दुबईच्या देरा भागात राहणाऱ्या रत्नागिरीच्या पोरांची एक. फी घ्यायला टेबलावर मी.

आम्हाला नटबोल्ट पुरवणारे एक चाचा होते, रायगडकडचे. ते बिर्याणीची पातेली घेऊन आले होते. त्यांनी मला मराठीत विचारलं, "हे कसले पैसे गं?"

मी सांगितलं.

"त्यांचा क्लब जिंकतो का कधी?"

"नाही चाचा."

"मग वाचवायचा कशाला?"

"त्यांच्या गावचा आहे."

चाचा जरा वेळ सरांकडे बघत राहिले. सर अर्ध्या चड्डीत वाळूतून धावत होते, दम लागला होता, तरी अरबीत चला, चला म्हणून ओरडत होते, "यल्ला, यल्ला!" चाचांनी पाकीट काढलं. "पाचशे दिरहम. म्हणजे साडेसहा हजार झाले," ते स्वतःशीच बोलले आणि नोटा माझ्यापुढे ठेवल्या. "आमच्या गावची शाळा गल्फच्या पैशावरच उभी राहिली. गाव म्हटल्यावर हिशेब कसला? लिही, इन्शाल्ला वाचेल."

बिर्याणीचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत.

जमलेली रक्कम त्या देण्यापुढे काहीच नव्हती. हे मला कळत होतं, सरांनाही. पण तिकडे गावातही तेच चाललं होतं. बायका केक विकत होत्या, म्हातारी माणसं दारोदार फिरत होती, बंद झालेल्या खाणीतले जुने कामगार स्टँडची दुरुस्ती फुकट करत होते. सर रोज नवी बातमी आणायचे. शेवटी ज्यांचे पैसे अडकले होते त्या घेणेकऱ्यांची बैठक झाली. पौंडामागे थोडेसे पेन्स घेऊन बाकीचं सोडून द्यायला त्यांनी मत दिलं. क्लब गावकऱ्यांच्या मालकीचा झाला. ही बातमी सांगायला सर केबिनमधून धावतच बाहेर आले. मी घरी येऊन बाबांना सांगितलं.

"घेणेकऱ्यांनी सोडलं? आपणहून?" बाबांनी तीनदा विचारलं. त्यांचा विश्वास बसेना.

काही वर्षांनी सर निवृत्त होऊन गावी गेले आणि त्यांनी मला आणि बाबांना बोलावलं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा फिरण्यासाठी पैसे खर्च केले. आम्ही पोचलो तो शनिवार होता. आभाळ खाली आलेलं, बोचरा वारा. मैदान एवढंसं, एका बाजूला पत्र्याचा स्टँड, पलीकडे मेंढ्या. टीमची बस कधीच बंद केली होती, खेळाडू आपापल्या गाड्यांनी येत होते. बहुतेक गावातलेच, कोणी प्लंबर, कोणी मास्तर. जर्सी सेक्रेटरीची बायको घरी धुवायची. खजिनदार म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या मला अभिमानाने म्हणाल्या, "गल्ल्यात असेल तेवढंच खर्च करतो. कोणाचं काही देणं नाही." असे ताळेबंद मी रोज बघते, पण ते वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला.

स्टँडखाली एक बेकरीवाला गरम 'मीट पाय' विकत होता, म्हणजे मटण भरलेले पॅटिस. सर हळूच म्हणाले, "क्लबने याचे सगळ्यात जास्त दिवस पैसे थकवले होते. त्यानेही मत दिलं सोडायला. वर निधीलाही दिले."

बाबा थांबलेच. मग सरळ त्याच्याजवळ गेले. "तुमचे पैसे बुडाले," ते आपल्या दुबईच्या इंग्रजीत म्हणाले, "तरी तुम्ही इथे?"

बेकरीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "आज शनिवार आहे," तो म्हणाला. "शनिवारी मी कुठे जाणार?" मग हसून म्हणाला, "आता मॅचच्या आधीच रोख देतात. त्या खजिनदार बाई फार कडक आहेत."

 ते गरम पॅटिस घेऊन आम्ही कठड्याशी उभे राहिलो. पाऊस आडवा येत होता. क्लब हरला. तरी सगळं गाव शेवटपर्यंत भिजत उभं होतं, आणि खेळाडू आत जाताना त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाजूला बघितलं. बाबाही वाजवत होते, हातमोजे काढून, मोठ्याने. लोक पांगले तरी ते त्या ओल्या हिरव्या मैदानाकडे बघत उभेच होते. एरवी थंडीने कुरकुरणारे बाबा, त्यांना निघायचं सुचतच नव्हतं.